गव्हर्नर कोण ते राहू द्या, तपासायला कोण येतं ते सांगा

आमच्या अमळनेरात दर दोन महिन्यांनी एक दिवस रिझर्व बँकेचा असतो. सकाळी दहाच्या सुमारास मोबाइलवर रेपो रेटची, म्हणजे रिझर्व बँक बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते त्या दराची, बातमी येते आणि स्टँडजवळच्या टपरीवर ज्यांचं होम लोन आहे ते आणि ज्यांचं काहीच नाही ते, दोघंही सारख्याच जोरात बोलायला लागतात. अमळनेरला पैशातलं कळत नाही असं कोणी समजू नये बरं का. विप्रो १९४५ साली इथंच तेलाच्या धंद्यातून सुरू झाली, गावातल्या काही घरांत ते शेअर आजीच्या पाटल्यांसारखे जपून ठेवलेत, त्यामुळं बोनस आणि डिव्हिडंड हे शब्द आमच्याकडं म्हाताऱ्यांच्या तोंडीही आहेत.

पण चर्चा पाचव्या मिनिटाला ठरलेल्या खड्ड्यात जातेच. गव्हर्नर कसा पाहिजे? एक पार्टी म्हणते, बाबू, म्हणजे सरकारी अधिकारी बसवला की तो दिल्लीचं ऐकणार, तिथं परदेशात शिकलेला अर्थतज्ज्ञच पाहिजे. दुसरी म्हणते, नको भो, पुस्तकी माणसाला काय कळतं, ज्यानं जिल्हा चालवलाय त्यालाच देश कळतो. मग रघुराम राजन, ऊर्जित पटेल, शक्तिकांत दास, आता संजय मल्होत्रा, अशी नावं क्रिकेटच्या टीमसारखी निघतात. कोण ताठ राहिला, कोण वाकला, कोणी राजीनामा दिला. चहा संपतो, चर्चा पुढच्या पॉलिसीपर्यंत तहकूब.

मला हा वादच चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. का ते सांगायला आधी माझ्या मावशीची पावती दाखवावी लागेल.

मावशी पारोळ्याची. काका एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाल्यावर जे हातात आलं त्यातले ४ लाख मावशीनं गल्लीतल्याच एका पतपेढीत ठेवले. बँक तेव्हा ९ टक्के देत होती आणि पतपेढी १३. डेली कलेक्शनवाला पोरगा ओळखीचा, चेअरमन नात्यातल्या नात्यात, ऑफिसात एसी, वर आणखी काय पाहिजे. ठेव पावती मिळाली ती गुलाबी रंगाची, कोपऱ्यात लक्ष्मीचा छापा. मावशीनं ती जपून ठेवायची म्हणून झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली. पुढं पतपेढी बुडाली, अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळून देणी भागवणारा माणूस, नेमला गेला, आणि पहिला छोटा हप्ता वाटायची वेळ आली तेव्हा तिथला क्लार्क म्हणाला, पावतीच्या मागं शिक्का मारून नोंद करावी लागते आणि प्लास्टिकवर शाई बसत नाही. मावशी ब्लेडनं लॅमिनेशन सोलत बसली. निम्मी लक्ष्मी प्लास्टिकबरोबर निघून आली, ठेव क्रमांकातले शेवटचे दोन आकडेही गेले, ते परत सिद्ध करायला आणखी आठ महिने लागले.

तेव्हा तिनं मला विचारलेलं अजून डोक्यातून जात नाही. "मना पैसा कव्हय भेटी ते जाऊ दे, पन रिझर्व बँकवाला काय झोपेल व्हतात का?"

आता याचं खरं उत्तर असं, की ते झोपले नव्हते, ते त्या खोलीतच नव्हते. पतसंस्था ही बँक नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येते, तिचा मालक-मुखत्यार म्हणजे राज्याचं सहकार खातं. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी, असेल तर दिल्लीतला केंद्रीय निबंधक. रिझर्व बँकेचं लायसन्स नाही, तिची तपासणी नाही आणि डीआयसीजीसीचा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला पैसे देणाऱ्या महामंडळाचा, ठेव विमाही नाही. पण हे मावशीला कोण सांगणार? काउंटर तसाच, पासबुक तसंच, एफडी हा शब्दही तोच. तिच्या दृष्टीनं जिथं पैसे ठेवतात ती बँक आणि बँक म्हटली की वर कुठंतरी मुंबईला मोठा साहेब बसलाय.

त्या मोठ्या साहेबाबद्दलच बोलू. पहिला भारतीय गव्हर्नर मराठी होता, चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६, महाडजवळच्या नाते गावचा. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप, केंब्रिजला निसर्गविज्ञान, त्यातही वनस्पतीशास्त्र, मग १९१८ च्या आयसीएस, म्हणजे इंग्रजांच्या सनदी नोकरीच्या, परीक्षेत पहिला नंबर. टपरीवरच्या दोन्ही पार्ट्यांनी इथं जरा थांबावं. हा माणूस अर्थशास्त्राचा पदवीधर नव्हता, झाडापानांचा होता, आणि नोकरीनं पक्का बाबू. मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यांनी डेप्युटी कमिशनरी केली, सेटलमेंट ऑफिसर म्हणून जमिनीचा सारा ठरवायचं काम केलं, म्हणजे गावोगाव फिरून कोणाच्या वावरात काय पिकतं आणि त्याच्या डोक्यावर सावकाराचं किती आहे हे बघायचं काम. १९३९ ला ते रिझर्व बँकेत आले ते सरकार आणि बँकेमधला दुवा म्हणून. १९४१ ला डेप्युटी गव्हर्नर, आणि सर जेम्स टेलर गेल्यावर ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर. १९४४ ला युद्धानंतरची जगाची पैशाची व्यवस्था ठरवणाऱ्या ब्रेटन वूड्सच्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात होते, फाळणीनंतर काही महिने तर हीच बँक पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक होती आणि ते सांभाळायचं कामही यांच्याच टेबलावर.

आपल्याला मात्र ते आठवतात राजीनाम्यामुळं. १९५६ साली, अर्थमंत्री असताना, मुंबई महाराष्ट्राला न देण्यावरून त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पाऊल टाकलं. आमच्या वडिलांच्या पिढीत हा किस्सा सांगताना आवाज चढायचा. चढू दे, तो राजीनामा मोठाच होता. पण त्याच्यामुळं आपल्याला एक सवय लागली असं मला वाटतं. मोठ्या खुर्चीवरचा माणूस आपण राजीनाम्याच्या मापानं मोजायला लागलो. १९५७ ला गव्हर्नर बेनेगल रामराव अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींशी खटका उडाल्यावर गेले, २०१८ ला ऊर्जित पटेल वैयक्तिक कारण सांगून गेले, झालं, हे ताठ. जे टर्म पूर्ण करून गेले ते वाकडे. अरे पण रोज सकाळी ऑफिसला जाऊन त्यांनी काय केलं ते कोण बघणार?

मला चिंतामणरावांच्या कारकिर्दीतला एकच महिना दाखवायचाय. जानेवारी १९४६.

त्या महिन्यात सरकारचे दोन वटहुकूम निघाले. एक सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे २०१६ नंतर माहीत झाला. १२ जानेवारीला ५००, १,००० आणि १०,००० च्या नोटा रद्द. युद्धात काळाबाजार करून ज्यांनी माया जमवली त्यांना पकडायचं असं सांगितलं गेलं. रिझर्व बँकेला यात फार रस नव्हता, गव्हर्नरनी यातून फारसा कर हाती लागणार नाही असं मत दिलं होतं. निकाल काय लागला? १४३.९७ कोटींच्या मोठ्या नोटा बाहेर होत्या, त्यातल्या १३४.९ कोटींच्या बदलून घेतल्या गेल्या. राहिल्या जेमतेम ९ कोटींच्या. सत्तर वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०१६ ला, तेच परत. १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले. चिंतामणराव बाबू होते, ऊर्जित पटेल येलमध्ये डॉक्टरेट केलेले अर्थतज्ज्ञ. आकडे शेजारी शेजारी ठेवा आणि बाबू चांगला का तज्ज्ञ चांगला ते तुम्हीच सांगा. नोटा रद्द करायचं सरकारनं ठरवलं की खुर्चीत कोण आहे यानं फार फरक पडला नाही, १९४६ मध्येही नाही आणि २०१६ मध्येही नाही.

दुसरा वटहुकूम कोणाला आठवत नाही. बँकांच्या तपासणीचा. युद्धाच्या काळात पैशाचा सुळसुळाट झाला होता आणि गल्लोगल्ली बँका निघाल्या होत्या, आपल्याकडं ८०-९० च्या दशकात पतपेढ्या निघाल्या तशा. भांडवल कमी, पाटी मोठी, शाखांवर शाखा. त्याआधी १९३८ ला दक्षिणेत त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बुडाली तेव्हापासून रिझर्व बँक सांगत होती की बँकांसाठी वेगळा कायदा करा, तो लांबत गेला. या दुसऱ्या कागदानं पहिल्यांदा एवढं झालं, की रिझर्व बँकेचा माणूस एखाद्या बँकेत जाऊन म्हणू शकला, वह्या दाखवा. पुढं मार्च १९४९ मध्ये बँकिंगचा मोठा कायदा आला, तोपर्यंत चिंतामणराव गव्हर्नर होते, जूनअखेर ते खुर्चीतून उठले. त्यांनी बँकेत संशोधन आणि आकडेवारीचा विभाग उभा केला, १९४७ पासून मासिक बुलेटिन सुरू केलं. सगळी अशी कामं ज्यांच्यावर कोणी पोवाडा रचत नाही.

माझं म्हणणं एवढंच की गव्हर्नरची कारकीर्द त्या दुसऱ्या कागदावरून वाचावी. राजनसाहेबांचंच बघा. त्यांच्याबद्दल पेपरात काय काय यायचं, ते दिसतात कसे, बोलतात कसे. त्यांचं खरं काम २०१५ ची मालमत्ता गुणवत्ता तपासणी होती. बँका मोठ्या कर्जदारांची थकलेली कर्जं नवं-जुनं करून चालू दाखवत होत्या. नवं-जुनं म्हणजे काय ते खान्देशातल्या शेतकऱ्याला समजवायला नको, मार्च एंडला सोसायटीत आपण तेच करतो, दोन दिवसांसाठी कुठून तरी उचल आणायची, जुनं भरायचं, नवं घ्यायचं. फक्त आपलं लाखाचं असतं आणि त्यांचं हजार कोटीचं. राजननी इन्स्पेक्टर पाठवून ते उघडं पाडलं, पुढं मार्च २०१८ पर्यंत थकीत कर्जं ११ टक्क्यांच्या वर दिसली. तेव्हा लोक म्हणाले, यानं बँका बुडवल्या. डॉक्टरनं शुगर मोजली म्हणून शुगर झाली असं म्हणण्यातला प्रकार.

बरं, हे काम बाबूनं केलं का तज्ज्ञानं? चिंतामणराव बाबू, राजन तज्ज्ञ, काम एकच. दोघांनीही वही मागितली.

रेपो रेटबद्दलही एक बोलून टाकतो, कारण टपरीवरचा अर्धा वेळ त्यात जातो. कपाशीवाल्याला किंवा रावेर-यावलच्या केळीवाल्याला पीककर्जाचा दर रेपोमुळं ठरत नाही. ते ७ टक्क्यांचं कर्ज, वेळेत भरलं की केंद्राची ३ टक्के सूट, आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना धरून ३ लाखांपर्यंत शून्य. रेपो पाव टक्का खाली आला तर जळगावच्या फ्लॅटवाल्याचा हप्ता हलतो, शेतकऱ्याच्या ताटातली शेवभाजी तेवढीच राहते. त्यामुळं आमच्या भागात रिझर्व बँकेचा संबंध रेटपेक्षा ठेवीशी जास्त आहे, आणि नेमकं तिथंच आपण काही विचारत नाही.

ठेवीच का, ते जरा मागं जाऊन बघू. १९५१-५२ मध्ये रिझर्व बँकेनं देशातल्या ७५ जिल्ह्यांत ६०० गावांमध्ये ग्रामीण पतपाहणी केली, गोरवाला समितीनं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. आकडा असा निघाला की शेतकरी जे कर्ज काढतो त्यात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, व्यापारी बँकांचा ०.९. सावकार, धंदेवाईक आणि शेतकरी असे दोन्ही प्रकारचे मिळून, ७० च्या आसपास. या अहवालानंतर इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, १ जुलै १९५५, तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणरावच, आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायचं कायद्यानं तिच्या गळ्यात घातलं. म्हणजे सारा ठरवताना ज्यानं सावकाराची वही पाहिली होती, तो वर गेल्यावर ते विसरला नाही असं मी समजतो. हे माझं समजणं, कुठं लिहून ठेवलेलं नाही.

पण शाखा आली तरी पारोळ्याच्या भाजीवालीला संध्याकाळी पाच हजार लागले तर ती स्टेट बँकेत जाणार का? नाही जाणार. तिला सिबिल विचारतील, आयटीआर विचारतील. पतपेढी देते. चेअरमन तिला तोंडानं ओळखतो, हीच पतपेढीची ताकद आणि हाच तिचा रोग, कारण तो आपल्या साडूलाही तोंडानंच ओळखतो आणि साडूला पाच हजार नको असतात, पाच कोटी पाहिजे असतात.

म्हणून मी पतपेढ्यांच्या विरोधात नाही, त्या बंद करा म्हणणाऱ्या शहरी लोकांशी माझं जमत नाही. मी फक्त एवढं म्हणतो, की जी संस्था लोकांची ठेव घेते तिच्यासाठी १९४६ चा दुसरा कागद पाहिजे. आज काय होतं, ऑडिटर सरकारी पॅनेलवरचाच असतो खरा, पण त्या पॅनेलमधून त्याला निवडते संस्थेचीच वार्षिक सभा. ती सभा ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एकदा जाऊन बघावी. मंगल कार्यालय, विषय क्रमांक एक ते अकरा, प्रत्येकाला मागून "मंजूर, मंजूर", वीस मिनिटांत जेवणाची पंगत. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी चांगली असते त्यात वाद नाही. पण ज्याची तपासणी व्हायची त्यानंच तपासणारा निवडायचा आणि पगारही त्यानंच द्यायचा, हे कुठल्या जगात चालतं?

आता कोणी म्हणेल, रिझर्व बँकेची तपासणी असूनही बँका बुडतातच की. बरोबर आहे. १९६० ला केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या शेजारची अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, दोन्ही रिझर्व बँकेच्या नजरेखालच्या. २०१९ ला मुंबईची पीएमसी बँक, तिथं तर २१ हजारांवर बनावट खाती दाखवून एकाच ग्रुपची कर्जं लपवली असं तक्रारीतच लिहिलं होतं. तपासणी म्हणजे जादू नाही, इन्स्पेक्टरही माणूसच. पण प्रत्येक वेळी पुढं काय झालं ते बघा. लक्ष्मी आणि पलाई बुडाल्या म्हणून १९६२ पासून ठेव विमा आला, सुरुवातीला १,५०० रुपयांचा. वाढत वाढत तो १९९३ ला एक लाख झाला, मग २७ वर्षं तिथंच गोठला, आणि पीएमसीनंतर काही महिन्यांत ५ लाख. २०२१ ला कायदा बदलला, बँकेवर निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याचे पैसे. म्हणजे बँकवाल्या मावशीला निदान एक आकडा आणि एक तारीख माहीत असते. पतपेढीवाल्या मावशीला लॅमिनेट केलेली पावती.

आणि हे महाग आहे का तर अजिबात नाही. २०२० पासून बँका या विम्यासाठी १०० रुपयांमागं वर्षाला १२ पैसे भरायच्या. या हिशोबानं मावशीच्या ४ लाखांचे झाले ४८० रुपये. तिला बँकेपेक्षा ४ टक्के जास्त मिळत होते, म्हणजे वर्षाला १६,०००. धरा की पतपेढी जास्त धोक्याची म्हणून तिच्याकडून पाचपट प्रीमियम घेतला, तरी अडीच हजाराच्या आत. १३ ऐवजी १२.४ टक्के मिळाले असते तर मावशीनं एक दिवस कुरकुर केली असती, एवढंच. हे चेअरमन लोकांना परवडत नाही असं जे म्हणतात त्यांनी वर्धापनदिनाच्या बॅनरचं बिल काढून बघावं.

सहकार हा राज्याचा विषय आहे, रिझर्व बँक त्यात कशी घुसणार, हा वकिली मुद्दा मला मान्य आहे. घुसू नका. राज्यानंच वेगळी तपासणी यंत्रणा उभी करावी, जिचा पगार पतपेढी देत नाही, जिची बदली आमदार करू शकत नाही, आणि विम्याचं महामंडळ वेगळं काढावं. सहकारी बँका पण आधी रिझर्व बँकेला हेच म्हणायच्या, तुमचा आमचा काय संबंध. १९६६ ला बँकिंग कायदा त्यांना लागू झाला, २०२० ला आणखी घट्ट झाला, सहकार काही मेला नाही. आणि हे होईस्तोवर निदान एक पाटी. औषधाच्या बाटलीवर असतं तसं, दारावर, पावतीवर, मराठीत, मोठ्या अक्षरात, "येथील ठेवींना सरकारी विमा नाही." ही पाटी लावायला तर कुठल्या गव्हर्नरची गरज नाही, पेंटर बोलवला की झालं.

टपरीवर हे बोललो तर एक जण म्हणाला, भाऊ तुमचं सगळं खरं, पण मग माणूस पैसे ठेवणार कुठं. त्यानं स्वतः जळगावच्या सराफ बाजारातून तोळातोळा करून सोनं घेतलंय, बँकेच्या लॉकरमध्ये आहे. त्याचं म्हणणं, सोन्याला इन्स्पेक्टर लागत नाही. मी म्हटलं, देशानंही १९९१ ला तेच केलं होतं, वेळ आली तेव्हा रिझर्व बँकेचं ४६.९१ टन सोनं गहाण टाकायला परदेशी पाठवावं लागलं. तो म्हणाला, बघा, कामाला आलंच ना मग. यावर मला काही सुचलं नाही.

मावशीचे ४ लाखांपैकी आतापर्यंत ८५ हजार आलेत, चार हप्त्यांत. काका गेले. मागच्या महिन्यात तिच्याच गल्लीत, जुन्या पतपेढीच्या गाळ्यापासून चार दुकानं सोडून, नवीन मल्टिस्टेट सोसायटीची शाखा उघडली, फीत कापायला कोणीतरी नेता, सगळ्यांना पेढे आणि कॅलेंडर. मावशीही गेली होती, शेजारणीबरोबर. काउंटरवरच्या टाय लावलेल्या पोराला तिनं विचारलं, "याले विमा शे का?" पोरगा म्हणाला, आजी, आमच्याकडं लाइफ इन्शुरन्सही मिळतो, फॉर्म देऊ का. मावशी कॅलेंडर घेऊन घरी आली. भिंतीवर लावलंय ते, खाली छोट्या अक्षरात व्याजाचे दर आहेत आणि वर लक्ष्मीचा फोटो, आख्खा.